दर दोन तासांनी अर्धी वाटी

ये वो रुची, अशी जवळ बस. तो मोबाईल पालथा ठेव पहिले. तुले रागवाचं आहे मले, अन् रागवाले माणूस समोर लागते. पण तू तिकडं वारासिवनीत, मी इथं बालाघाटात, अन् आठ दिवसांपासून तू माझा फोन उचलून नाही राह्यली. म्हणून कागदावर रागावते.

मागच्या इतवारी तू विचारलं, "मावशी, पाच किलो उतरलं अन् काटा अडकून बसला. आता सकाळची पोळी बी बंद करू का?" मी तोंड उघडाच्या आधी तूच म्हटलं, "तू तं करून दाखवलं होतं ना." तेवढ्यात तुझी बस आली अन् फोन कटला. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तुले फोन लावून राह्यली.

पोलिस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावते, चांगलं आहे. पण काकडी अन् काळ्या चहावर धावते, हे काही चांगलं नाही. तुझी माय, माझी बहीण, असती तं तिनं कान पिळला असता. ती नाही. अन् हा उपाशी राहाचा धडा तुले शिकवणारी दुसरी कोणी नाही, मीच आहे. म्हणून माझ्यासोबत काय झालं ते सगळं सांगते, जे तेव्हा तुले फोनवर सांगितलं नाही ते बी. विहारातल्या बायाईनं म्हटलं, लिहूनच काढा, आणखी कोणाले कामी येईल. मी डॉक्टर नाही. मी पडली कशी, एवढंच मले माहीत आहे.

खुर्ची

दोन वर्षं झाली. माझं वजन होतं पंच्याऐंशी किलो, अन् गुडघे असे की उठताना तोंडातून माय निघे. माझ्या पोरानं, प्रमोदनं, गोंदियाले नेलं. डॉक्टरनं गुडघ्याचा फोटो उजेडात धरला अन् म्हटलं, "आजी, पंधरा किलो कमी करा, हळूहळू, वर्षभरात. मग पाहू." वर्षभर प्रमोदनं लक्षात ठेवलं. मी पंधराच लक्षात ठेवले.

खरं सांगू, दुखण्यापेक्षा मले खुर्ची जास्त टोचे. तुले माहीत आहे, विहारात ग्रंथ मी वाचते. माझी शाळा चौथीत सुटली, अन् ती बी हिंदी. मराठी मी त्याच ग्रंथावर बोट ठेवून ठेवून शिकली. आता बाकीच्या बाया सतरंजीवर बसत अन् मी एकटी लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर, बुद्धाच्या मूर्तीसमोर, सगळ्याईच्या वर. आमच्या शेजारची कौसाबाई रोज म्हणे, "सरका वो बायांनो, तहसीलदारीण आल्या." हसून म्हणे. मी बी हसे. घरी येऊन ते हसू मले पचत नसे.

मग वर्षावास आला. ज्याईले माहीत नाही त्याईच्यासाठी सांगते: पावसाळ्याचे हे तीन महिने आम्ही विहारात ग्रंथ वाचतो, अन् काही उपासिका अष्टशील घेतात. आठ नियम. त्यातला एक असा की दुपारी बारानंतर जेवाचं नाही, दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. आमच्याकडच्या बाया पौर्णिमेले, अष्टमीले पाळतात. मी म्हटलं, मी तिन्ही महिने पाळीन. सगळ्याईनं हात जोडले माझ्यापुढं.

शीलाले कोणी नाही म्हणत नाही, रुची. घरात सून वंदना आंगणवाडीवाली, रोज लोकाईच्या लेकराईले तोलणारी, ती बी चूप बसली. पण मी सकाळचं जेवण बी कापत गेली. पहिले दोन पोळ्या अन् वरण. मग एक पोळी. मग पोळी गेली अन् वाटीभर पेज राहिली, ती बी वरचं पाणी मी प्याची अन् खालचा भात गाईले टाकाची. वंदनानं विचारलं तं सांगाची, "विहारात नाश्ता झाला."

खोटं बोलाचं नाही, हे बी त्याच आठात आहे. आठ घेतले अन् एक रोज मोडलं.

काटा

आंगणवाडी आपल्या बाजूच्याच खोलीत भरते. तिथं पोटुशी बायाईले तोलाचा काटा आहे. वंदना डाळ-तांदूळ उतरवून घेत असली की मी हळूच त्याच्यावर चढे. पहिल्या महिन्यात सात किलो उतरले. सात. मले वाटलं, गुडघे तं गुडघे, मी आता नाचूनच दाखवीन. त्याच आनंदात मी तुले फोन केलता. आठवते? "मन घट्ट पाहिजे पोरी, भूक काय, दोन दिवस ओरडते अन् चूप होते." हे माझेच शब्द. आज ते परत घेते.

दुसऱ्या महिन्यात दोन किलो. तिसऱ्यात काटा हालेच ना. मी पाय पुसून चढे, बांगड्या काढून चढे, कानातले काढून चढे. तोच आकडा. तं मी पेज आणखी कमी केली. तरी तोच आकडा. तुले जे आता होऊन राह्यलं ना, तेच.

अन् बाकी काय होऊन राह्यलं होतं ते मी कोणाले सांगत नव्हती. भादव्याच्या उकाड्यात मी शाल घेऊन बसे. आपली नात चिनू हात धरून म्हणे, "आजी, आपके हाथ तो फ्रिज जैसे हैं." फणीत केसाचा गुंडाच्या गुंडा निघे, तो मी वंदनाच्या आधी उठून चुलीत टाके. चार-चार दिवस पोट साफ होये ना. वंदनानं कांद्याची फोडणी दिली की मी परड्याच्या दारात जाऊन उभी राहे, नुसता वास घ्यायले, चोरासारखी. दिवसभर डोक्यात दुसरं काही नाही. माझ्या माहेरचा, लामता गावचा, नवा तांदूळ, त्याच्यावर जवसाची चटणी. साठीची बाई मी, अन् लेकरासारखी खाण्याची सपनं पाहे.

सगळ्यात भेव मले छातीचं वाटे. विहाराच्या पाच पायऱ्या, त्यातल्या तिसरीवर मी बसून जाये अन् आत ऐके. एक ठोका. मग काहीच नाही. मग, लय उशिरानं, दुसरा. मी बसून त्या दुसऱ्याची वाट पाहे. अन् आला की उठून पदर नीट करे अन् आत जाऊन वाचाले बसे.

त्याच महिन्यात ग्रंथातलं ते पान आलं, सिद्धार्थानं खाणं सोडलं, पोटाले हात लावला तं पाठीचा कणा हाताले लागला, अन् मग सुजाताची खीर घेतली. उपाशी राहून काही मिळत नाही, हे त्याले कळलं. मी मोठ्यानं वाचलं. बायाईले त्याचा अर्थ बी समजावून सांगितला, चांगला पाव तास. मग घरी आली अन् वाटीतला भात गाईले टाकला.

पडली

वर्षावास संपाले आठ दिवस होते. वाचून झालं, मी खुर्चीचा हात धरून उठली, अन् सतरंजी माझ्याकडं वर आली. एवढंच आठवते. मग ऑटोत डोळे उघडले. डोकं कौसाबाईच्या मांडीवर होतं अन् ती माझे तळहात घासून राह्यली होती.

दवाखान्यात सिस्टरनं माझं मनगट धरलं, घड्याळाकडं पाहिलं. मोजलं. परत मोजलं. मग दुसऱ्या सिस्टरले हाक मारली. तिनं मोजलं. दोघी एकमेकीकडं पाहू लागल्या, माझ्याकडं कोणी पाहे ना. माणूस समजून जाते बाई. आजारी माणसाले सगळ्यात पहिले समजते.

छातीले वायरा लावल्या. डॉक्टरीणबाई आल्या, तरुणच होत्या, वंदनाच्या वयाच्या. त्याईनं विचारलं, "आजी, काय खाता दिवसभरात?"

मी म्हटलं, "जेवते ना."

प्रमोद म्हणाला, "मॅडम, तिचं शील सुरू आहे. एक टाइम जेवते. पण पोटभर जेवते."

डॉक्टरीणबाईनं माझे केस बोटात धरून पाहिले. नखं पाहिली. अन् विचारलं, "घरी जेवण कोण देते?"

कोपऱ्यातून कौसाबाई बोलली, "सून आहे ना घरात. तिले विचारा."

सगळे वंदनाकडं वळले. ती आंगणवाडीच्या साडीतच धावत आलती, हाताले पीठ तसंच होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी बोलाले पाहिजे होतं. मी डोळे मिटून घेतले.

मले नाडीच्या आकड्याचं भेव वाटलं, मशीनचं वाटलं, डॉक्टरीणबाई हळू आवाजात प्रमोदले म्हणाल्या की रक्तातले क्षार लय खाली गेले, हृदयाले धोका आहे, त्याचं तं लयच वाटलं. पण आज विचारशील तं त्या मिटलेल्या डोळ्याचं मले अजून भेव वाटते. मरता मरता बी मी सुनेले पुढं केलं.

वाटी

तीन दिवस मशीनवर होती. हिरवी रेघ चाले, अन् मी तिच्याकडं एकसारखी पाहत राहे. पापणी लवली अन् रेघ थांबली तं, असं वाटे. बाजूच्या पलंगावरची बाई दुपारी झोपे, घोरे, अन् मले तिचा हेवा वाटे. मी डोळा लावत नव्हती.

पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईनं सांगून ठेवलं, हे नीट वाच रुची: "आता एकदम जेवू घालू नका. इतके दिवस उपाशी राहिलेल्या अंगात एकदम अन्न गेलं की रक्तातले क्षार आणखी कोसळतात. छाती बंद पडू शकते."

वंदना म्हणाली, "माहीत आहे मॅडम. आमची लाल पट्टीची लेकरं अशीच असतात."

तुले तिची ती पट्टी माहीत आहे ना, लेकराच्या दंडाले गुंडाळतात ती? लालवर आली की लेकरू कुपोषित, दवाखान्यात भरती कराचं. वंदना कितीक लेकरं घेऊन त्या वॉर्डात बसली आहे. तिथं लेकराले ताट देत नाहीत. मोजून देतात, थोडं थोडं, घड्याळ लावून. माझा दंड तं भरलेलाच होता, पट्टी पुरली बी नसती त्याले. शहात्तर किलोची बाई उपाशी आहे हे कोणाले दिसणार? पण वंदनानं घरून आंगणवाडीची स्टीलची वाटी मागवली अन् माझ्यासाठी तोच हिशेब धरला. दर दोन तासांनी अर्धी वाटी. पातळ खिचडी. मग रक्त तपासाचं. मग पुढची.

अन् मले ती वाटी खायचं भेव वाटे. हसू नको. छातीले वायरा, हाताले सुई, अन् माझ्या मनात काय, तं नऊ किलो परत येतील. चमचा तोंडापाशी आला की मी ओठ घट्ट मिटे.

वंदना म्हणाली, "आई, लेकरं खाताना काट्याकडं पाहतात का? तोंड उघडा."

मी उघडलं.

दुसऱ्या दिवशी कौसाबाई आली, मोठा डबा घेऊन. दाट खीर, पुऱ्या, भाजी. वंदनानं दारातच डबा धरला.

"मावशी, आज नाही. मी सांगीन तेव्हा आणा."

"काहून? तुझ्या सासूले मी पहिल्यांदा जेवू घालून राह्यली का?"

"डॉक्टरनं मना केलं."

"डॉक्टरनं केलं का तू केलं?" कौसाबाईचा आवाज चढला. वॉर्डातल्या बाया उठून बसल्या. "लोकाईच्या लेकराईले खिचडी वाटते अन् घरच्या म्हातारीले वाटीनं मोजते. सारी गल्ली बोलून राह्यली आपली. खोटं असेल तं सांग."

वंदना डबा दोन्ही हातानं धरून उभी राहिली, दारात, आडवी. तिचे कान लाल झालते. ती बोलू शकत होती. मी गाईले भात टाकताना तिनं पाहिलं होतं, हे मले मागून कळलं. तिनं कोणाले सांगितलं नव्हतं, शील मोडल्यानं सासूची बदनामी होईल म्हणून.

ती रेघ हिरवी-हिरवी चालून राह्यली होती. मले वाटलं, आत्ता थांबली तं हे असंच राहून जाईल. ही पोरगी आयुष्यभर सासूले उपाशी मारणारी राहील.

मी म्हटलं, "कौसा, इकडं ये. तिनं नाही ठेवलं मले उपाशी. मीच राहिली. अडीच महिने. शीलाच्या आडून. पेजेचं पाणी प्याची अन् भात गाईले टाकाची. अन् हिले सांगाची, विहारात खाल्लं."

कौसाबाई पलंगाच्या काठावर बसली. वंदनाच्या हातातला डबा घेऊन मांडीवर ठेवला.

"खुर्चीपायी?" तिनं विचारलं.

मी मान हालवली.

"मी मजाक करे वो."

"माहीत आहे."

मग ती उठली अन् वंदनाले म्हणाली, "ही वाटी किती वाजता द्यायची ते मले सांग. तू घरी जाऊन आंघोळ करून ये. कालपासून तीच पिठाची साडी आहे आंगावर." अन् जाता जाता खीर बाजूच्या पलंगावरच्या घोरणाऱ्या बाईले देऊन टाकली.

पेजेत पाणी

काटा काहून अडकला, हे मी डॉक्टरीणबाईले विचारलंच. इतकं कमी खाऊन बी. त्याईनं सांगितलं, अंगाले वाटते दुष्काळ पडला. मग ते खर्च कमी करते. हात थंड, केस बंद, पोट मंद, नाडी मंद. मले अर्धं समजलं. वंदनानं मग समजावलं.

"आई, लामत्याले पावसाळ्यात घरचा तांदूळ सरत आला की तुमची आजी काय करे?"

"पेजेत पाणी वाढवे."

"हंडी तेवढीच भरलेली दिसे ना?"

"हौ."

"तुमच्या अंगानं तेच केलं. तुम्ही तांदूळ कमी केला, त्यानं पाणी वाढवलं. तुम्ही आणखी कमी केला, त्यानं आणखी वाढवलं. काटा कसा हालेल?"

अन् उतरलं ते काय उतरलं, ते बी ऐक. नुसती चरबी नाही. मांडीचं मांस गेलं, जे गुडघ्याले धरून ठेवते तेच. मी गुडघ्यासाठी उपाशी राहिली अन् दवाखान्यातून निघताना दोन माणसाईचा आधार घेऊन निघाली. घरी आल्यावर सहा महिन्यांत सात किलो परत चढले, अन् पहिलेपेक्षा कमी खाऊन चढले. अंगाले अजून भरोसा नव्हता ना. बायको उपाशी ठेवणाऱ्या नवऱ्यासारखं झालं माझं, एकदा उपाशी राहिलेली ती सहजी जवळ येत नाही.

भरोसा बसाले वर्ष लागलं. आता तीन वेळा जेवते. डाळ असते, अंडं असते, भात बी असते. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत दोन वेळा चालते. वर्षभरात चार किलो उतरले, फक्त चार, अन् गोंदियाचा डॉक्टर खूश आहे. मी पूर्ण खूश नाही, खोटं काहून बोलू. अजून सकाळी उठल्याबरोबर पहिले मनगट धरते, मोजते. वंदना ते पाहते. विहारातल्या भंतेजीले मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, आजारी माणसानं वेळेवर जेवणं हेच त्याचं शील. या वर्षावासात मी बारानंतर जेवली, सगळ्याईसमोर. अन् वाचाले खुर्चीवरच बसली. कौसाबाई आता आपली खुर्ची घेऊन माझ्या बाजूले बसते. तिचे बी गुडघे गेले म्हणे. मले नाही वाटत गेले.

आता तू

तं रुची, मी करून दाखवलं नव्हतं. मी पडून दाखवलं होतं, अन् तुले फक्त पहिला महिना सांगितला होता.

मले खरं सांग. धावताना डोळ्यापुढं अंधारी येते का? हात थंड पडतात का? पाळी चुकली का? फणीत केस येतात का? यातलं एक बी असेल तं मैदान दोन दिवस राहू दे अन् रक्त तपासून घे. अन् पोळी बंद करू नको. काटा अडकला तं तुझं अंग पाणी वाढवून राह्यलं, एवढंच समज. उपाशी पोट्टी आठशे मीटर धावत नाही, चारशेवर पडते. अन् तिथं तळहात घासाले कौसाबाई नसते.

फोन उचलू नको वाटलं तं नको उचलू. मी रागावणार म्हणून उचलत नसशील. रागवून तं झालं इथं सगळं. पण मले दिवसभर एकच दिसते, तू मैदानाच्या कडेले बसली आहे अन् आपल्या छातीत ऐकून राह्यली आहे, दुसऱ्या ठोक्यासाठी. अन् बाजूले कोणी नाही.

शनिवारी पहिली बस धर. वारासिवनी काही लांब नाही, तासाभरात पोहोचते. वंदनाले सांगून ठेवलं आहे, ती वाटी अजून घरातच आहे, घासून ठेवली आहे. तू म्हणशील तितकंच वाढू, अर्धी तं अर्धी, दोन तासांनी पुन्हा. कोणी काट्यावर चढवणार नाही. मी सकाळपासून दारातच बसून राहीन, खुर्ची घेऊन. ये बाई लवकर.